पेशीचा सांगाडा आणि लांगली

पेशी म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी, ही शालेय आकृतीवरून मनात ठसलेली कल्पना अपुरी आहे. पेशीच्या आत प्रथिनतंतूंचा सांगाडा असतो. मात्र तो अस्थींसारखा स्थिर नसून सतत मोडतो व पुन्हा उभा राहतो. सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचे ॲक्टिनतंतू आणि २५ नॅनोमीटर व्यासाच्या पोकळ सूक्ष्मनलिका हे त्याचे येथे महत्त्वाचे घटक होत.

वातरक्ताचे उदाहरण घेऊ. सांध्यात यूरेटचे स्फटिक साचले की रक्तातील न्यूट्रोफिल पेशी प्रथम रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात. त्यांच्या आवरणातील इंटेग्रिन ही प्रथिने बाहेरून भिंत धरतात व आतून ॲक्टिनशी जोडलेली असतात. आतली जोड सुटली तर बाहेरची पकड टिकत नाही. मग पुढच्या कडेला ॲक्टिनतंतू वाढून आवरण पुढे रेटतात, मागील भाग आकुंचन पावतो आणि पेशी भिंतीतून वाट काढते. दिशा राखण्यात सूक्ष्मनलिकांचा वाटा असतो.

लांगलीतील, म्हणजे आपल्या कळलावीतील, कोल्चिसिन येथेच आघात करते. ट्यूब्युलिन या प्रथिनाला चिकटून ते सूक्ष्मनलिका बनू देत नाही. न्यूट्रोफिलांचे चिकटणे व सरकणे मंदावते आणि शोथ ओसरतो. अमेरिकेत २००९ साली वातरक्ताच्या वेगासाठी मान्य झालेली मात्रा एकूण अवघी १.८ मिलिग्रॅम आहे, यावरून द्रव्याची तीव्रता ध्यानी यावी.

पेशीविभाजनही सूक्ष्मनलिकांवरच अवलंबून असते. म्हणून विषबाधेत आतडे, अस्थिमज्जा व केशमूळ यांची हानी होते. वमन-अतिसार काही तासांनी सुरू होतात; हा विलंब फसवा असतो. नंतर रक्तपेशी घटतात आणि रुग्ण वाचल्यास केस गळतात.

ग्रंथांत लांगली उपविषांत गणली असून गोमूत्रात एक दिवस ठेवून शोधन सांगितले आहे. ते टाळू नयेच. परंतु शोधित कंद निर्विष समजणे आम्हांस मान्य नाही. कंदागणिक कोल्चिसिनचे प्रमाण बदलते, तेव्हा औषधनिर्मात्यांनी प्रत्येक घाण्याची तपासणी करून घ्यावी. लांगली कायद्याच्या ई-१ परिशिष्टात असल्याने वेष्टनावरील इशाराही आवश्यक आहे. गर्भिणीस तर हे द्रव्य वर्ज्यच. कळा लावणारी म्हणूनच ती कळलावी. वातरक्ताचा रुग्ण आधीच कोल्चिसिनच्या गोळ्या घेत आहे काय, त्याचे वृक्क दुर्बल आहेत काय, क्लॅरिथ्रोमायसिन चालू आहे काय, हे चिकित्सकांनी मात्रा ठरविण्यापूर्वीच विचारावे.