काळा पाषाण, पाणी आणि ग्रामसभा

अहिल्यानगर जिल्ह्यात जागृत ज्वालामुखी नाही. मात्र ज्वालामुखीने मागे ठेवलेली एक जोखीम आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून घडलेल्या बेसाल्टमध्ये, म्हणजेच आपल्या काळ्या पाषाणात, पाणी साठते ते मुख्यतः भेगांत आणि झिजलेल्या थरांत. हा साठा मुळातच तोकडा; त्यात जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो. एकाने विंधनविहीर खोल नेली की शेजाऱ्याची विहीर आटू शकते. खोल जाण्याची ऐपत सर्वांची नसते. म्हणून दुष्काळाचा पहिला फटका अल्पभूधारकाला बसतो.

नगर तालुक्यातील हिवरे बाजारचे उदाहरण येथे अभ्यासावे. पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात ग्रामसभेने सिंचनासाठी विंधनविहिरी घेण्यास बंदी केली आणि ऊस-केळीसारखी पिके वर्ज्य ठरवली. पुढे पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत आली. पाऊस कमी, तर पिकांचे नियोजनही त्यानुसार. या गावाची चर्चा बहुधा बंधाऱ्यांपुरतीच होते. बंधारा शासकीय निधीतून उभा राहतो. स्वतःच्या शेतात बोअर न घेण्याचे बंधन मात्र मतदारांनाच स्वतःवर घालून घ्यावे लागते, आणि ते पाळवून घेणे सरपंचाला राजकीयदृष्ट्या सोपे नसते.

स्वाध्याय : आपल्या गावी असा ठराव आल्यास विरोध कोणाकडून होईल व का, ते लिहा.