व्याकरणाच्या तासाला कविता

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील शाळांमध्ये इंग्रजी व्याकरण आणि कविता यांचा अभ्यास पुष्कळदा एकत्रच होत असे. विद्यार्थ्याने कवितेतील ओळ घ्यावी आणि तिच्यातील एकेका शब्दाचे व्याकरण चालवावे : शब्दाची जात कोणती, वचन कोणते, त्याचा संबंध कोणत्या शब्दाशी आहे. मराठी शाळांत यालाच पदपरिस्फोट म्हणत. पेनसिल्व्हेनियात जन्मलेल्या आणि पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या लिंडले मरे यांचे १७९५ चे व्याकरण या अभ्यासाचा मोठा आधार होते. १८७७ मध्ये अलोन्झो रीड आणि ब्रेनर्ड केलॉग यांनी वाक्याची आकृती काढण्याची रीत मांडली. आडव्या रेघेवर कर्ता व क्रियापद लिहायचे, दोहोंमध्ये उभी रेघ ओढायची आणि विशेषणे खाली तिरप्या रेघांवर टांगायची. वाक्य कितीही वळणे घेवो, त्याचा सांगाडा डोळ्यांना दिसू लागे.

हेन्री वॉड्सवर्थ लाँगफेलो यांची कविता या अभ्यासाला फार सोयीची होती. त्यांची वाक्ये लांब असली तरी अन्वय सहज लागतो. मुलांचेही त्यांच्यावर प्रेम होते. त्यांच्या कवितेतील लोहार ज्या चेस्टनट वृक्षाखाली उभा आहे, त्याच्या लाकडाची खुर्ची केंब्रिज गावातील मुलांनी १८७९ मध्ये त्यांना बहात्तराव्या वाढदिवशी भेट दिली.

एमिली डिकिन्सन (१८३०–१८८६) यांची कविता मात्र अशी सरळ चालत नाही. त्या मॅसॅच्युसेट्समधील ॲम्हर्स्ट येथे वाढल्या, तेथील विद्यालयात आणि नंतर काही काळ माउंट होलिओक येथे शिकल्या. व्याकरण त्यांना येत नव्हते, असे म्हणता येणार नाही. तरीही त्या पूर्णविरामाच्या जागी आडवी रेघ ओढीत, मधल्याच नामाला मोठे अक्षर देत आणि क्रियापदाला अपेक्षित प्रत्यय लावीत नसत. त्यांनी सुमारे अठराशे कविता लिहिल्या. हयातीत जेमतेम दहा छापल्या गेल्या.

त्यांपैकी एक, सापावरील कविता, १८६६ मध्ये एका वृत्तपत्रात निनावी प्रसिद्ध झाली. छापताना तिसऱ्या ओळीच्या शेवटी एक विरामचिन्ह घातले गेले. तिसरी आणि चौथी ओळ मिळून एकच होती, चिन्हाने ती तोडली, अशी तक्रार डिकिन्सन यांनी थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन यांना पत्रातून कळवली. एवढ्याशा चिन्हाने काय बिघडले? पुढील मराठी वाक्य पाहा : ‘पाऊस येईल नाही आला तर पेरणी थांबेल.’ ‘येईल’नंतर थांबल्यास पाऊस न आल्यामुळे पेरणी थांबते. ‘नाही’नंतर थांबल्यास तो शब्द नुसता ‘नाही का?’ असा प्रश्न होतो, आणि पाऊस आल्यामुळे पेरणी थांबते! डिकिन्सन यांच्या तिसऱ्या ओळीतील शेवटचे शब्दही असेच आहेत. मागे जोडले तर प्रश्न, पुढे जोडले तर ‘तसे नसेल तर’ अशी अट.

त्यांच्या मृत्यूनंतर १८९० मध्ये हिगिन्सन आणि मेबेल लूमिस टॉड यांनी पहिला संग्रह संपादित केला. त्यांनी विरामचिन्हे रूढ वळणाची केली, कवितांना शीर्षके दिली, काही ठिकाणी शब्दही बदलले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. वाचकांनी ही कविता दूर लोटू नये, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि त्यांच्या श्रमांमुळेच ती लोकांसमोर आली. पण कवयित्रीच्या रेघा पुसल्या गेल्या त्या गेल्याच. हस्तलिखितांशी ताडून सिद्ध केलेली थॉमस एच. जॉन्सन यांची तीन खंडांची आवृत्ती १९५५ मध्ये निघाली, तोवर पासष्ट वर्षे लोटली होती. मधल्या पिढ्या शाळेत जे पाठ करीत होत्या, त्यात संपादकांचा हात मिसळलेला होता.

मराठी वाचकाला विरामचिन्हांवाचून वाचणे अगदीच अपरिचित नाही. आज वापरली जाणारी स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह इत्यादी चिन्हे मराठीत इंग्रजीच्या परिचयानंतर, एकोणिसाव्या शतकात रुळली. त्या कामी मेजर कँडी यांचे नाव घेतले जाते. ज्ञानेश्वरीच्या जुन्या पोथीत अशी चिन्हे नसतात. ओवीचा अर्थ लावताना कर्ता कोणता, क्रियापद कोणते, हे वाचकच शोधतो. डिकिन्सन यांची कविताही तशीच लावावी लागते. आडव्या रेघेपाशी थांबावे, अलीकडचे शब्द आधी मागच्या ओळीला आणि मग पुढच्या ओळीला जोडून पाहावेत. कधी दोन्ही अर्थ टिकतात. तेव्हा एकाची निवड करण्याची घाई करू नये.