‘ग्रँडिओस’ : कौतुक की टोमणा?

प्रश्न : आमच्या गावात नवं मंगल कार्यालय झालंय. त्याच्या माहितीपत्रकात सभागृहाला ‘ग्रँडिओस’ म्हटलं आहे. पुतण्या म्हणतो, हा शब्द चांगल्या अर्थाचा नाही. मला तर तो ‘ग्रँड’चाच थोरला भाऊ वाटला. खरं काय?

उत्तर : पुतण्याच्या पारड्यात झुकतं माप टाकावं लागेल. शब्दकोशात दोन्ही अर्थ सापडतात : एक ‘भव्य, दिपवून टाकणारा’, दुसरा ‘भव्यतेचा नुसता आव आणणारा’. पण आज इंग्रजी वाचणाऱ्याच्या मनात आधी दुसराच येतो. कार्यालयवाल्यांचं काम ‘ग्रँड’वर भागलं असतं. शब्द लांबला की मानही वाढतो, असा जाहिरात लिहिणाऱ्यांचा का कोण जाणे, पक्का समज आहे.

शब्द मूळचा इटालियन. फ्रेंचमार्गे तो एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत आला. माहेरी त्याच्यावर काही डाग नाही. पाश्चात्त्य संगीताच्या स्वरलिपीत ‘ग्रँडिओसो’ लिहिलेलं असलं, तर तो भाग भारदस्तपणे वाजवायचा. संगीतकार लिस्टच्या बी मायनर सोनाटात ही सूचना आहे. फ्रेंच माणूस आल्प्सच्या शिखरांना ‘ग्रँडिओज’ म्हणतो तेव्हा तो मनापासून दाद देत असतो. नाक मुरडणं इंग्रजीत आल्यावर सुरू झालं.

नाक कशाला मुरडतात, हे बर्लिनमध्ये पाहायला मिळतं. हिटलरला ते शहर पाडून नव्याने बांधायचं होतं. आराखडे आल्बर्ट श्पेअर या वास्तुविशारदाचे. त्यात एक विजयकमान होती, हिटलरने १९२५ साली स्वतः रेखाटलेली. पॅरिसची प्रसिद्ध कमान ५० मीटर उंच. ही ११७ मीटर व्हायची होती. अडचण जमिनीची होती. तिथली भुसभुशीत जमीन एवढं ओझं पेलेल का, हे तपासायला १९४१-४२मध्ये टेंपलहोफ भागात काँक्रीटचा एक दंडगोल उभारला. वजन १२,६५० टन, आणि राबायला फ्रेंच युद्धकैदी. पुढच्या काही वर्षांत तो सुमारे १९ सेंटिमीटर खचला. कमान कधी झालीच नाही. दंडगोल मात्र अजून उभा आहे. आजूबाजूला घरं असल्यामुळे तो सुरुंग लावून उडवताही आला नाही. या आराखड्यांविषयी इंग्रजीत लिहिणारे हमखास ‘ग्रँडिओस’ हा शब्द वापरतात. निव्वळ आकार मोठा म्हणून कुणी हा शब्द वापरत नाही; मिरवायची हौस कुवतीच्या आणि गरजेच्या पार पलीकडे गेली, की तो वापरतात.

म्हणून तो बहुधा योजना, दावे, महत्त्वाकांक्षा यांना चिकटलेला दिसतो. मराठीत मला एकच प्रतिशब्द पुरा पडत नाही. योजना असेल तर ‘हवेतले इमले’, समारंभ असेल तर ‘बडेजाव’, कर्मकांड असेल तर ‘अवडंबर’. बोलणं किंवा लिहिणं शब्दबंबाळ असेल, तर इंग्रजीत ‘बॉम्बॅस्टिक’ अधिक नेमका. ‘बॉम्बॅस्ट’ म्हणजे पूर्वी कपड्यांत फुगवट्यासाठी भरायचा कापूस. माणूसच आढ्यतेखोर असेल तर ‘पॉम्पस’.

मानसोपचारात ‘ग्रँडिओस’ हा शब्द थट्टेचा नाही. उन्मादाच्या अवस्थेत रुग्णाला आपल्याकडे अफाट शक्ती, पैसा किंवा दैवी कामगिरी आहे असं ठामपणे वाटू लागतं. त्या भ्रमांना ‘ग्रँडिओस डिल्यूजन्स’ म्हणतात. डॉक्टरांच्या कागदावर हे शब्द दिसले, तर ते लक्षणाचं नाव आहे, रुग्णाला मारलेला टोमणा नव्हे.

आणि उच्चार. शेवटी ‘स’ म्हणा किंवा ‘ज’, दोन्ही चालतात. आघात बहुधा पहिल्या ‘ग्रँ’वर.