ज्वराचा निरोप अडविणारे औषध

ज्वर हा बहुधा स्वतः रोग नसून रोगाची सूचना असतो. दिल्लीत पावसाळा सरत आला की डेंग्यू, मलेरिया व विषमज्वर यांचे रोगी वाढतात. अशा दिवसांत मुलास ताप आला की डॉक्टर प्रथम याच रोगांचा विचार करतात, आणि ते योग्यच होय. परंतु क्वचित एखाद्या मुलाचा ताप दोन आठवडे उलटले तरी हटत नाही. तो दिवसातून एकदा, बहुधा सायंकाळी, ३९ अंश सेल्सियसपर्यंत किंवा त्याहून वर चढतो आणि काही तासांत उतरतो. ताप चढताना अंगावर फिकट गुलाबी पुरळ उमटते व तापाबरोबरच मावळते. गुडघे व मनगटे सुजतात. रक्तात जंतू सापडत नाहीत आणि प्रतिजैविकांचा गुण येत नाही.

हा स्टिलचा रोग असू शकतो. लंडनचे डॉक्टर जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ साली सांध्यांच्या जुनाट विकाराने पीडित अशा २२ बालकांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्यावरूनच या रोगास हे नाव पडले.

या रोगात नेमके काय बिघडते? शरीरात जंतू शिरला की पांढऱ्या पेशी निरोप पोहोचविणारी प्रथिने सोडतात. इंटरल्यूकिन-६ हे त्यांपैकी एक होय. त्याच्या निरोपाने ताप चढतो आणि यकृत दाहाशी संबंधित प्रथिने बनवू लागते. जंतू नष्ट झाले की हा निरोप थांबावयास हवा. स्टिलच्या रोगात मात्र जंतू नसतानाही तो सुटतच राहतो. अशा रोगांस स्वयंदाही रोग म्हणतात. हे नामाभिधान १९९९ साली रूढ झाले. दाह दीर्घकाळ टिकला तर सांधे झिजतात व मुलाची वाढ खुंटते. स्टेरॉइडने आराम पडतो. पण ते फार दिवस द्यावे लागले तर त्यानेही उंची खुंटते आणि हाडे ठिसूळ होतात.

यास्तव निरोपच अडविण्याचा मार्ग शोधण्यात आला. जपानमधील ओसाका विद्यापीठात तादामित्सु किशिमोतो व त्यांचे सहकारी यांनी १९८६ साली इंटरल्यूकिन-६चे जनुक ओळखले. पुढे या प्रथिनाच्या ग्राहीस चिकटणारा प्रतिपिंड तयार झाला. त्याचे नाव टोसिलिझुमॅब. कुलपाचे छिद्र बुजविले की किल्ली असूनही कुलूप उघडत नाही. तद्वत इंटरल्यूकिन रक्तात असूनही त्याचा निरोप पेशीच्या आत पोहोचत नाही.

हे औषध रसायनांच्या साध्या मिश्रणातून बनत नाही. चिनी हॅमस्टर या लहान प्राण्याच्या पेशी मोठ्या पात्रांत वाढवून त्यांच्याकडून ते करवून घेतात. म्हणून त्यास जैविक औषध म्हणतात. त्याचा रेणू अ‍ॅस्पिरिनच्या रेणूहून सुमारे ८०० पट जड असतो. ते प्रथिन असल्यामुळे गिळल्यास पोटात पचून जाईल. म्हणून ते इंजेक्शनाने द्यावे लागते. शिरेतून देताना स्टिलच्या रोगात ते दर दोन आठवड्यांनी देतात. मुलाचे वजन ३० किलोग्रॅमपेक्षा कमी असल्यास दर किलोग्रॅमला १२ मिलिग्रॅम व त्याहून अधिक असल्यास ८ मिलिग्रॅम, असे प्रमाण आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ११२ मुले होती. बारा आठवड्यांनंतर औषध मिळालेल्यांपैकी ८५ टक्के मुलांचा ताप जाऊन सांधे सुधारले होते. औषधाचा केवळ भास दिलेल्यांत हे प्रमाण २४ टक्के होते.

परंतु निरोप अडविला की धोक्याची सूचनाही दबते. औषध चालू असता खरोखरच जंतू शिरला, तर ताप न येण्याचा संभव असतो आणि रक्ताची तपासणीही निर्दोष दिसू शकते. म्हणून उपचारापूर्वी क्षयाची तपासणी करतात, आणि मूल मलूल दिसले किंवा खोकू लागले, तर ताप नसला तरी त्यास डॉक्टरांकडे न्यावे लागते.

दुसरी अडचण पुरवठ्याची. एप्रिल २०२१ मध्ये दिल्लीत करोनाची दुसरी लाट उसळली, तेव्हा गंभीर रोग्यांचा दाह आवरण्यासाठी हेच औषध वापरले जात होते. ते त्या काळी परदेशातून येत असे. टंचाई इतकी झाली की दिल्ली सरकारला त्याच्या वाटपासाठी तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबादच्या हेटेरो कंपनीच्या समरूप औषधास परवानगी मिळाली. पण ती करोनाच्या प्रौढ रोग्यांपुरती व आपत्कालीन होती. वाटणाऱ्यांपुढील प्रश्न कठीण होता. जे औषध एका रोग्यास संकटात एकदोनदा लागते, तेच दुसऱ्यास दर पंधरवड्यास लागते.

औषध हाती येण्यापूर्वी रोग ओळखणे आवश्यक असते, आणि येथे घरच्या माणसांचे साह्य मोलाचे ठरते. दीर्घकाळ ताप येणाऱ्या मुलाचा ताप दर चार तासांनी मोजून वेळेसह कागदावर लिहावा आणि पुरळ केव्हा उमटले तेही नोंदवावे. रोज ठरावीक वेळी चढणारी व मधल्या वेळी खाली येणारी ती रेषा बालसंधिवाताच्या तज्ज्ञास पुष्कळ काही सांगते. त्यासाठी एक तापमापक आणि एक वही एवढेच पुरते.