कंपनमापकाची साक्ष तपासून घ्यावी

रशियातील येनिसेई नदीवरील सायानो-शुशेन्स्काया जलविद्युत केंद्रात १७ ऑगस्ट २००९ रोजी दुसऱ्या क्रमांकाच्या टर्बाइनचे झाकण उखडले गेले. यंत्रगृहात पाणी घुसले आणि ७५ जण मृत्युमुखी पडले. झाकणाचे बोल्ट धातूच्या थकव्याने तडकले होते. अपघातापूर्वी एका बेअरिंगवरील कंपनाची नोंद ८४० मायक्रॉनपर्यंत चढली होती. मर्यादा होती १६० मायक्रॉनची. परंतु हाच संवेदक यंत्र बंद असतानाही सुमारे ६०० मायक्रॉन दाखवीत होता, असे पुढे निदर्शनास आले. ज्या साक्षीदारावर विसंबावे, तोच विश्वासार्ह नव्हता.

फिरत्या यंत्राचे कंपन मोजणाऱ्या संवेदकात बहुधा एक स्फटिक असतो. कंपनाने त्यावर दाब पडला की सूक्ष्म विद्युत्संकेत निर्माण होतो व तो केबलमधून नियंत्रण कक्षात जातो. म्हणून काटा अस्थिर झाला, तर दोष यंत्रात, संवेदकात, त्याच्या बैठकीत अथवा केबलमध्ये असू शकतो. तो शोधण्याचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

प्रथम, यंत्र थांबलेले असताना काय नोंद होते ते पाहावे. कंपन शून्याजवळ न आल्यास संकेत बाहेरून येत आहे, असे समजावे. कोराडी वा चंद्रपूर येथील औष्णिक वीज केंद्रांतील टर्बाइन मिनिटास ३००० म्हणजे सेकंदास ५० फेरे घेतात. आपल्या विजेची वारंवारताही ५० हर्ट्झच आहे. त्यामुळे केबलमध्ये शिरलेला विजेचा उपद्रव हुबेहूब असंतुलित चक्राच्या कंपनासारखा भासतो.

दुसरे, त्याच बेअरिंगवरील दुसऱ्या संवेदकाशी, हातातील मापकाशी व बेअरिंगच्या तापमानाशी नोंद ताडून पाहावी. एकच संवेदक ओरडत असेल आणि बाकीचे स्वस्थ असतील, तर संशय संवेदकावर घ्यावा. मात्र खात्री होईपर्यंत यंत्राला निर्दोष ठरवू नये.

तिसरे, बैठक तपासावी. सैल स्क्रू, रंगाचा थर किंवा गंज यांमुळे संकेत बिघडतो.

चौथे, तारा तपासाव्यात. अंतर्गत प्रवर्धक असलेल्या संवेदकास बहुधा २४ व्होल्टचा पुरवठा असतो व सुस्थितीत त्याच्या तारांवर साधारण ८ ते १४ व्होल्टचा स्थिर दाब आढळतो. दाब शून्याजवळ असेल, तर तारा एकमेकींस चिकटल्या असाव्यात. २४ व्होल्टजवळ असेल, तर जोडणी तुटली असावी. केबलच्या धातूच्या आवरणाचे अर्थिंग एकाच टोकास असावे. ते दोन्ही टोकांस केल्यास उपद्रवी प्रवाहास वाट मिळते.

एका वेळी एकच बदल करावा व त्याची नोंद ठेवावी. तपासणीपुरती संरक्षण-यंत्रणा बंद करणे भाग पडल्यास लेखी परवानगी घ्यावी आणि काम संपताच ती पूर्ववत सुरू करावी.

खोटा इशारा वारंवार आला की कर्मचारी त्याकडे काणाडोळा करू लागतात. याहून घातक ठरते ती खोटी शांतता, कारण तुटलेली तार कंपन ‘शून्य’ दाखवू शकते. गावाच्या पाणीपुरवठा योजनेच्या पंपावर असे संवेदक सहसा नसतात. तेथे पंपचालकाचा हात व कान हेच मापक. त्याने बदललेल्या आवाजाची तक्रार केल्यास ती तपासल्याशिवाय बाजूस सारू नये. साक्ष उपकरणाची असो वा माणसाची, तिची शहानिशा करणे हे जबाबदार अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे.