कांद्याची पट्टी आणि सरकारवरील रोष

पिकास भाव नसला आणि खर्च मात्र चढत गेला, म्हणजे लोकांचा रोष सरकारावर येतो. ही गोष्ट सर्व देशांत व सर्व काळी घडत आली आहे. हा रोष योग्य की अयोग्य याविषयी पुष्कळ बोलले जाते; परंतु तो कोणापाशी, केव्हा व कोणत्या पुराव्यानिशी मांडावा म्हणजे रयतेच्या पदरात काही पडेल, या प्रश्नाचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत पाठात आम्ही तोच करणार आहो. उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावरील वळसंग व त्याच्या आसपासच्या गावांचा कांदा सोलापूरच्या बाजारात जातो, आणि गेल्या काही वर्षांत कांद्याइतका सरकारवरील रोष दुसऱ्या कोणत्याही पिकाने वाढविलेला नाही.

दोन रुपयांचा हिशेब

फेब्रुवारी 2023 मध्ये बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात दहा गोण्या कांदा विकला. वजन 512 किलो भरले व भाव किलोस एक रुपया मिळाला. म्हणजे मालाची किंमत 512 रुपये झाली. तीतून मोटारभाडे, हमाली, तोलाई वगैरे मिळून 509 रुपये 51 पैसे वजा झाले आणि 2 रुपये 49 पैसे उरले. त्यांपैकी पैसे सोडून दोन रुपयांचा धनादेश त्याच्या हाती आला, व तोही पुढील तारखेचा. ही हकीकत देशभर गाजली आणि लोकांस अत्यंत संताप आला. तो येणे स्वाभाविकच होते.

परंतु या पट्टीकडे संतापाने पाहून झाल्यावर एकदा हिशेबानेही पाहावे. भाडे, हमाली व तोलाई ही गोणीवर किंवा वजनावर बसतात. भाव उतरला म्हणून ती उतरत नाहीत. हाच 512 किलो माल किलोस दहा रुपयांनी गेला असता तर 5,120 रुपये आले असते आणि तेवढाच खर्च वजा जाऊन 4,610 रुपये 49 पैसे हाती राहिले असते. म्हणजे दहा रुपयांच्या भावात जो खर्च एकदशांश, तोच एक रुपयाच्या भावात जवळजवळ सर्वस्व गिळतो. बी, रोप, लागण, खुरपणी, खते, औषधे व काढणी यांचा खर्च तर या पट्टीत कोठे दिसतही नाही. यावरून हे ध्यानात येईल की, भाव एका विशिष्ट मर्यादेखाली गेला म्हणजे माल बाजारात नेणे हेच नुकसानीचे होते.

या हकीकतीचा उत्तरार्ध मात्र पुष्कळांच्या लक्षात राहिला नाही. त्याच वर्षी 1 फेब्रुवारी ते 31 मार्च या काळात विकलेल्या उशिरा खरिपाच्या लाल कांद्यास राज्य सरकारने क्विंटलमागे 350 रुपये अनुदान जाहीर केले. मर्यादा दर शेतकऱ्यास 200 क्विंटल. या हिशेबाने 512 किलोंस 1,792 रुपये होतात. त्यासाठी विक्रीची मूळ पट्टी व सातबाऱ्यावरील कांद्याची नोंद ही दोन कागदपत्रे मुख्य होती. ज्यांनी रागाच्या भरात पट्टी फाडली, किंवा पीक-पाहणीत कांदा नोंदविलाच नव्हता, त्यांची मोठी अडचण झाली. नोंदीच्या अटीवरून गावोगाव तक्रारी उठल्या, तेव्हा ती अट सैल करावी लागली. जो कागद दोन रुपयांचा वाटला त्याची किंमत पुढे सतराशेंवर गेली, हे आमच्या वाचकांनी विसरू नये.

हुकूम आणि हंगाम

आता मुख्य तक्रारीकडे वळू. 19 ऑगस्ट 2023 रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर शेकडा 40 कर बसविला. ऑक्टोबरअखेर टनास 800 डॉलर हे किमान निर्यातमूल्य ठरविले, आणि 8 डिसेंबर 2023 पासून निर्यात सर्वस्वी बंद केली. ही बंदी 31 मार्च 2024 पर्यंत म्हणून सांगितली होती; परंतु ती मुदत सरण्यापूर्वीच पुढील हुकूम होईपर्यंत वाढविली गेली. एप्रिलअखेर गुजरातेतील 2,000 टन पांढऱ्या कांद्यास परवानगी मिळाली, तेव्हा महाराष्ट्रात असंतोष अधिकच भडकला. शेवटी 4 मे 2024 रोजी टनास 550 डॉलर किमान मूल्य व शेकडा 40 कर लावून बंदी उठली. सप्टेंबर 2024 मध्ये किमान मूल्य काढून कर शेकडा 20 केला गेला, व 1 एप्रिल 2025 पासून तोही रद्द झाला.

या तारखा आम्ही मुद्दाम क्रमाने दिल्या आहेत. कारण त्या आपल्या हंगामाशी ताडून पाहावयाच्या आहेत. उन्हाळी कांदा चैत्र-वैशाखात निघतो व नीट सुकवून चाळीत भरल्यास चारसहा महिने टिकतो. नाशिककडील शेतकऱ्यास म्हणून थोडी वाट पाहता येते. सोलापूरच्या बाजारात हिवाळ्यात येणारा माल बहुतांशी खरिपाचा लाल व त्यामागून येणारा रांगडा असतो. यात पाण्याचा अंश अधिक असल्याने तो साठवणीस टिकत नाही. काढला की विकला पाहिजे, नाही तर उकिरड्यावर टाकला पाहिजे. बंदीचा हुकूम निघाला तो नेमका आपला लाल कांदा बाजारात येत असताना. आणि उठला तो सोलापुरात 7 मे रोजी मतदान व्हावयाचे त्याच्या तीन दिवस आधी, म्हणजे आपला लाल कांदा विकून संपल्यावर. एकाच हुकुमाने नाशिकच्या शेतकऱ्याचे नुकसान झाले हे खरे; पण आपल्या बाजूच्या शेतकऱ्यास तो हुकूम रद्द झाल्याचा लाभही मिळाला नाही. सोलापूर जिल्ह्याची खरी तक्रार ही आहे, व ती नाशिकच्या तक्रारीहून वेगळी म्हणून मांडली गेली पाहिजे.

सरकार असे का वागते, हेही न्यायबुद्धीने पाहणे अवश्य आहे. कांदा महागला की शहरातील हातावर पोट असणाऱ्या मजुराच्या भाकरीबरोबरचे तोंडीलावणे जाते, व त्याची कुरकुर राजधानीत लगेच ऐकू येते. 1980 च्या लोकसभा निवडणुकीत कांद्याची महागाई प्रचाराचा विषय झाली होती. 1998 मध्ये दिल्लीतील सत्ताबदलास कांद्याचे भाव पुष्कळ अंशी कारण झाले. खाणाराची तक्रार रोजची व पिकविणाराची हंगामी. शिवाय खाणारे एके ठिकाणी व पिकविणारे विखुरलेले. या कारणाने सरकारचा हात खाणाराच्या बाजूस चटकन वळतो. मजुरास स्वस्त कांदा मिळावा यास आमचा विरोध नाही. पण त्या स्वस्ताईचे सारे ओझे एकट्या शेतकऱ्याने वाहावे, हे आम्हांस मान्य नाही.

मागील अनुभव

आपल्या प्रांताचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (1861–65) कापसास भाव चढला व युद्ध संपताच उतरला. इकडे जमिनीचा सारा फेरपाहणीत वाढला आणि रयत सावकाराच्या कचाट्यात सापडली. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोक उठले आणि पुणे व नगर या जिल्ह्यांत ठिकठिकाणी कर्जरोखे जाळले गेले. त्यानंतर चौकशी होऊन 1879 चा दख्खन शेतकरी कायदा झाला, व तो पुणे, नगर, सातारा यांबरोबर आपल्या सोलापूर जिल्ह्यासही लागू झाला. त्या कायद्याचे मर्म काय होते? दस्तऐवज नोंदवून व्हावा, कुळास पावती व हिशेब मिळावा, आणि न्यायालयाने रोख्यावरील आकडा जसाच्या तसा न मानता मूळ देवघेव तपासावी. ज्या कागदाचा अर्थ रयतेस कळत नव्हता, त्या कागदानेच तिला बांधले होते. म्हणून कायद्यानेही कागदाचाच बंदोबस्त केला.

1896 साली पाऊस गेला तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने गावोगाव माणसे पाठवून दुष्काळविषयक नियमांत रयतेस कोणते हक्क आहेत हे सांगण्याचा उद्योग केला. नियम सरकारचेच, सभेने ते केवळ वाचून दाखविले. तथापि तत्कालीन सरकारास हे इतके झोंबले की 1897 मध्ये त्याने सभेची मान्यता काढून घेतली. जाणून केलेल्या मागणीचे वजन किती असते, हे यावरून कळते. पुढे 1980 मध्ये शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने चाकणला कांद्याचे आंदोलन केले, तेव्हाही त्यांचा भर उत्पादनखर्चाच्या हिशेबावर होता.

परदेशातील अलीकडचे एक उदाहरण पाहा. आफ्रिकेतील केनिया देशात 2024 च्या अर्थविधेयकात पावावर शेकडा 16 कर बसविण्याचे योजिले होते. देश कर्जाखाली व लोक महागाईखाली दबलेले. तेथील तरुणांनी विधेयकाची कलमे सोप्या शब्दांत व स्थानिक भाषांत उतरवून लोकांपुढे ठेवली. पावावरील कर आधीच मागे घेतला गेला; पण रोष शमला नाही. 25 जून रोजी जमाव नैरोबीच्या संसदगृहात शिरला, गोळीबार झाला, माणसे मेली. आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रुटो यांनी विधेयकावर सही करण्याचे नाकारले. जाळपोळ व प्राणहानी यांचे अनुकरण कोणी करावे असे आम्ही कदापि म्हणणार नाही. घेण्यासारखा धडा इतकाच की, कोणत्या कलमाने आपल्या घासावर कर बसतो हे लोकांस ठाऊक होते.

रोषाची तीन दारे

सरकार हा एक शब्द असला तरी त्याची दारे अनेक आहेत. तक्रार चुकीच्या दारी नेली की ती परत येते व मनुष्य निराश होतो.

पहिले दार दिल्लीचे. निर्यातबंदी, किमान निर्यातमूल्य व निर्यातकर हे केंद्र सरकारचे अधिकार होत. बाजार समितीसमोर कांदे ओतून हे हुकूम फिरत नाहीत. ही मागणी खासदारामार्फत व लेखी गेली पाहिजे.

दुसरे दार बाजाराचे. तोल, कपात व पैसे चुकते करणे या बाबी बाजार समितीच्या कक्षेतील आहेत. तेथे दाद न लागल्यास जिल्हा उपनिबंधक व पुण्याचे पणन संचालक यांजकडे जावे. 2016 सालापासून फळे, भाजीपाला व कांदा-बटाटा यांवरील अडत खरेदीदाराने द्यावयाची आहे. शेतकऱ्याच्या पट्टीत ती दिसल्यास तेथेच हरकत घ्यावी.

तिसरे दार गावचे व राज्याचे. पीक-नोंद तलाठ्याकडे (ज्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) व तहसीलदाराकडे. अनुदान राज्य सरकारकडे. 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून नोंद करावयाची असते. मुदत टळली की मग ओरड करून उपयोग होत नाही.

काय करावे

वळसंग व आसपासच्या गावांतील कांदा-उत्पादकांस आमच्या सूचना थोडक्यात अशा आहेत. लागण होताच पीक-नोंद करावी व ती सातबाऱ्यावर उतरली की नाही हे पाहावे. एका वहीत एकरी खर्च तारीखवार लिहावा. प्रत्येक पट्टी जपून ठेवावी व तिची एक छायाप्रत गावात एके ठिकाणी जमा करावी. शंभर पट्ट्या एकत्र आल्या म्हणजे ती एकाची रड राहत नाही, गावाचा पुरावा होतो. ज्यांस उन्हाळ्यात पाणी आहे त्यांनी सर्वच क्षेत्र लाल कांद्याखाली न घालता काही भागात एन-2-4-1 किंवा भीमा शक्ती यांसारखा टिकाऊ वाण लावावा व भाऊबंदांनी मिळून चाळ उभारावी. मात्र पाणी नसलेल्या कोरडवाहू शेतकऱ्यास हा उपदेश कामाचा नाही, हे आम्ही जाणून आहो. त्याचे रक्षण धोरणानेच झाले पाहिजे.

ते धोरण कोणते मागावे? खरिपाचे रोप मे-जूनमध्ये पडते. त्यापूर्वी केंद्राने वर्षाचे निर्यातधोरण जाहीर करावे. उभ्या पिकावर बंदी घालू नये. आणि खाणाराच्या हितासाठी ती घालावीच लागली, तर पडलेल्या भावाची भरपाई त्याच हुकुमात असावी. 1 मे रोजी ग्रामसभा भरते. तीत हा ठराव मांडून, मागील हंगामातील पट्ट्यांची एकूण गोषवाऱ्यासह जोड देऊन, तो तिन्ही दारी पाठवावा. वळसंगच्या एका ठरावाने दिल्ली हलणार नाही. परंतु दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, मोहोळ व बार्शी या तालुक्यांतून असे पन्नास ठराव आकड्यांसह गेले, तर सोलापूरच्या लाल कांद्याची तक्रार काय आहे हे आम्हांस ठाऊकच नव्हते, असे म्हणण्यास कोणासही जागा उरणार नाही.