सीपॅप मशीनचा सुरुवातीचा दाब आणि रॅम्प : समजून घेऊ या



कोणी मोठमोठ्याने घोरत असले की आपल्याकडे म्हणतात, "दमलाय बिचारा, गाढ झोप लागलीय." पण घोरता घोरता आवाज एकदम बंद होतो, दहा-वीस सेकंद श्वासच येत नाही आणि मग मोठा आचका देऊन माणूस श्वास घेतो, तेव्हा ती गाढ झोप नसते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ व पडजीभ मागे सरकते आणि हवेची वाट बंद होते. छाती हलत असते, पण हवा आत जात नाही. या आजाराला डॉक्टर स्लीप ॲप्निया म्हणतात.

असे रात्रभर पुन्हा पुन्हा होते. दर वेळी मेंदूला अर्धवट जागे व्हावे लागते. मग सकाळी डोके जड, दिवसभर डुलक्या, चिडचिड, औषध घेऊनही न उतरणारे ब्लडप्रेशर असे त्रास सुरू होतात. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोकाही वाढतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यात मशीनवर उभ्या राहणाऱ्या किंवा मुंबई-आग्रा रस्त्यावर रात्री गाडी चालवणाऱ्या माणसाला एक डुलकी जिवावर बेतू शकते. प्रसिद्ध संगीतकार बप्पी लाहिरी यांचे फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत निधन झाले, तेव्हा त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी याच आजाराचे नाव घेतले होते.

वस्तीत अजूनही काही जण म्हणतात, "रात्री छातीवर कोणीतरी बसतं, गळा दाबतं." बाबासाहेबांच्या धम्मात भूतबाधेला जागा नाही. गळा दाबणारा कोणी बाहेरचा नसतो, आपलाच घसा मिटत असू शकतो. त्यामुळे गंडादोरा न करता झोपेची तपासणी करून घ्यावी. स्त्रियांमध्येही हा आजार असतो, विशेषतः पाळी बंद झाल्यानंतर. पण बाईने घोरणे लाजेचे मानले जात असल्याने ती कोणाला सांगत नाही आणि थकव्याचे खापर अशक्तपणावर फुटते.

सीपॅप म्हणजे काय?

या आजारावरचा मुख्य उपचार म्हणजे सीपॅप मशीन. ऑस्ट्रेलियात सिडनी येथील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी ही पद्धत शोधली आणि १९८१ साली पाच रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. मशीनमध्ये एक छोटा पंखा असतो. तो खोलीतलीच हवा गाळून घेतो आणि ठरावीक दाबाने नळीतून मास्कमध्ये सोडतो. हवेच्या या दाबाने घसा आतून उघडा राहतो, जशी पाण्याचा दाब असेपर्यंत बागेतली मऊ नळी फुगलेली राहते. कोरोनाच्या काळात आपण ऑक्सिजनची मशीन पाहिली. सीपॅप ही तशी ऑक्सिजनची मशीन नाही. ती ऑक्सिजन तयार करत नाही, फक्त हवेची वाट उघडी ठेवते.

मशीन महाग असते. घरात ती येते तेव्हा कोणाची बचत मोडलेली असते, कोणी हप्ते घेतलेले असतात. तरीही कित्येक घरांत आठ-पंधरा दिवसांत ती माळ्यावर जाते. "मला सोसत नाही, जीव गुदमरतो," असे रुग्ण म्हणतो. पुष्कळदा खरी अडचण दोन छोट्या सेटिंगची असते : सुरुवातीचा दाब आणि रॅम्प. त्या नीट समजल्या तर पैसा आणि आरोग्य दोन्ही वाचू शकते.

दाब कसा मोजतात?

सीपॅपचा दाब "सेंटिमीटर पाणी" या मापात मोजतात. घरच्या घरी हे समजून घेता येते. एका उंच ग्लासात पाणी भरा. स्ट्रॉ पाण्यात ४ सेंटिमीटर खोल बुडवून फुंका, सहज बुडबुडे येतील. मग ती १० सेंटिमीटर खोल बुडवून फुंका, जास्त जोर लागेल. स्ट्रॉ जितके सेंटिमीटर पाण्यात, तितका दाब. घरगुती मशीनवर हा आकडा साधारण ४ ते २० पर्यंत असतो. घसा उघडा ठेवायला कोणाला ७ पुरतो, तर कोणाला १३ लागतो. हा आकडा डॉक्टर तपासणीवरून ठरवतात. त्याला आपण उपचाराचा दाब म्हणू.

सुरुवातीचा दाब आणि रॅम्प

जागेपणी तोंडावर एकदम १२ चा दाब आला तर कोणीही बिचकेल. म्हणून मशीन कमी दाबाने सुरू करता येते. हा झाला सुरुवातीचा दाब. तिथून उपचाराच्या दाबापर्यंत हळूहळू चढायला जो वेळ लागतो, तो रॅम्प. बहुतेक मशीनवर रॅम्प बंद ठेवता येतो किंवा ५ ते ४५ मिनिटांपर्यंत लावता येतो.

त्रिरश्मी लेण्यांवर आपण जातो तेव्हा एका उडीत वर पोहोचत नाही, पायऱ्या चढतो. रॅम्प म्हणजे त्या पायऱ्या. पण पायऱ्यांवरच बसून राहिलो तर लेणी दिसणार नाहीत. उपचार वरच्या दाबावर होतो, पायऱ्या फक्त तिथवर नेतात. रॅम्पबद्दल एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

एक हिशोब

समजा, एका कामगार दादांचा उपचाराचा दाब १२ आहे. मशीन लावून देताना सुरुवातीचा दाब ४ आणि रॅम्प ४५ मिनिटे ठेवला. म्हणजे ८ चा चढ ४५ मिनिटांत चढायचा. दादा पाळी करून थकून आलेले, दहाव्या मिनिटाला झोपले. तेव्हा दाब सहाच्याही थोडा खालीच असतो. घसा उघडायला १२ लागतो. पुढची ३५ मिनिटे मास्क तोंडावर असूनही घसा पुरेसा उघडा राहत नाही. ते गुदमरून जागे होतात आणि मास्क काढून टाकतात. घरचे म्हणतात, "मशीनचा काही उपयोग नाही."

आता तेच मशीन सुरुवातीचा दाब ६ आणि रॅम्प १५ मिनिटे असे लावले. दहाव्या मिनिटाला दाब १० वर येतो आणि पंधराव्या मिनिटाला १२ वर. झोप लागते तोवर घशाला आधार मिळू लागलेला असतो.

यावरून नियम असा : ज्याला पाठ टेकताच झोप लागते, त्याने रॅम्प लहान ठेवावा. ज्याला अर्धा तास कुशी बदलाव्या लागतात, त्याला थोडा लांब रॅम्प चालतो. काही नव्या मशीनमध्ये ऑटो रॅम्प असतो. झोप लागल्याचे श्वासाच्या लयीवरून ओळखेपर्यंत मशीन दाब कमी ठेवते आणि मग वाढवते. ही सोय असेल तर ती वापरण्याबद्दल डॉक्टरांना विचारावे.

कमी दाब म्हणजे आराम, असे नाही

पुष्कळांना वाटते, जितका दाब कमी तितके सोपे. पण ४ वर मोठ्या माणसाला उलट हवा अपुरी वाटू शकते. मास्कला बारीक छिद्रे असतात. आपण सोडलेला उच्छ्वास त्या छिद्रांतून बाहेर जातो. दाब फार कमी असेल तर हवेचा प्रवाहही कमी राहतो आणि मास्कमध्ये कोंदट वाटते. अशा वेळी सुरुवातीचा दाब ४ वरून ५ किंवा ६ केला की बऱ्याच जणांना मोकळे वाटते. ही छिद्रे कधीही चिकटपट्टीने बंद करू नयेत.

ऑटो मशीन असेल तर

काही मशीन स्वतः दाब कमी-जास्त करतात. त्यांना किमान आणि कमाल अशा दोन मर्यादा लावतात. इथे रॅम्प फक्त किमान दाबापर्यंत चढतो, पुढचे मशीन गरजेप्रमाणे ठरवते. खोक्यातून काढलेली मशीन अनेकदा ४ ते २० वरच असते. सुरुवातही ४ आणि किमानही ४, म्हणजे रॅम्पला चढायला पायरीच नाही. शिवाय ज्याला १० ची गरज आहे, त्याच्यासाठी मशीनला दर वेळी खालून वर यावे लागते आणि तोवर घसा मिटतो. अशा रुग्णांनी "माझा किमान दाब किती ठेवला आहे?" हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा.

तक्रार काय, कारण काय?

१) मास्क लावताच हवा पुरत नाही : सुरुवातीचा दाब फार कमी असण्याची शक्यता. एकेक अंकाने वाढवून पाहण्याबद्दल विचारा.

२) हवा अंगावर येते, श्वास सोडता येत नाही : रॅम्प बंद असेल किंवा सुरुवातीचा दाब जास्त असेल. बहुतेक मशीनमध्ये श्वास सोडताना दाब थोडा कमी करणारी सोय असते. तीही विचारून चालू करून घ्या.

३) सुरुवात ठीक, पण नंतर मास्क फुसफुसतो आणि जाग येते : हा दोष रॅम्पचा नसून मास्कचा असतो. कमी दाबावर घट्ट बसलेला मास्क पूर्ण दाबावर गळू लागतो. म्हणून मास्कचे पट्टे आडवे होऊन, पूर्ण दाबावर जुळवावेत. फार आवळू नयेत.

४) सकाळी पोट फुगते, ढेकर येतात : हवा पोटात जात असते. दाबाबद्दल डॉक्टरांशी बोला.

५) लघवीला उठून आल्यावर त्रास होतो : मशीन पुन्हा सुरू केली की बहुधा रॅम्पही पहिल्यापासून सुरू होतो. रॅम्प लांब असेल तर रात्रीत दोन-तीनदा उपचाराविना वेळ जातो.

स्वतः काय करावे, काय करू नये

रॅम्पची वेळ बहुतेक मशीनमध्ये रुग्णाला बदलता येते. उपचाराचा दाब मात्र स्वतःच्या मनाने वाढवू नये. व्हिडिओ पाहून डॉक्टरांसाठीचा मेनू उघडणे टाळावे. काही रुग्णांत जास्त दाबाने मेंदूकडूनच श्वासाचा इशारा थांबू लागतो. ज्यांचे हृदय कमजोर आहे किंवा ज्यांना दमा वा फुप्फुसाचा जुना आजार आहे, त्यांनी विशेष जपावे.

सरावासाठी दिवसा मास्क लावून वीस मिनिटे बसा. मासिक वाचा किंवा विहारात शिकलेली आनापान साधना करा. श्वास आत येतो, बाहेर जातो, एवढेच पाहा. जागेपणी भीती गेली की रात्र सोपी जाते. आठवडाभर हे केल्यावर झोपताना वापरा.

एक वही ठेवा. मशीनच्या पडद्यावर सकाळी तीन गोष्टी दिसतात : किती तास वापरली, गळती किती आणि एएचआय, म्हणजे तासाला किती वेळा श्वास अडला. एएचआय ५ च्या खाली असणे चांगले. उपचाराआधी तो ३० च्या वर असेल तर आजार तीव्र समजतात. हे आकडे, रॅम्पची वेळ आणि सकाळी कसे वाटले, हे रोज लिहा. एका वेळी एकच बदल करा आणि निदान चार-पाच रात्री पाहा. स्वतः पारखून मगच स्वीकारा, असे तथागतांनी कालाम लोकांना सांगितले. मशीनच्या बाबतीतही तेच करावे. ती वही घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर बोलणे मुद्द्याचे होईल.

दारू घशाचे स्नायू आणखी सैल करते. त्यामुळे बावीस प्रतिज्ञांमधली दारू न पिण्याची प्रतिज्ञा इथे औषधाचेही काम करते. झोपेच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. पाणी भरायचे भांडे असेल तर त्यात डिस्टिल्ड वॉटर वापरा, नळाच्या पाण्याने क्षार धरतात. वीज गेली आणि मशीन बंद पडली तर मास्क काढून ठेवा.

जुनी मशीन स्वस्तात मिळत असेल तर आधी तिचे मॉडेल तपासून घ्या. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आतला फोम झिजत असल्यामुळे आपल्या अनेक जुन्या मशीन जगभरातून परत मागवल्या होत्या. शिवाय जुन्या मशीनवर दुसऱ्याचा दाब लावलेला असतो. तो तुमच्यासाठी नाही.

खर्चाचे काय?

ज्यांचा ईएसआय कापला जातो, त्यांनी सातपूरच्या ईएसआय रुग्णालयात तपासणी व मशीनबद्दल लेखी चौकशी करावी. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांना भेटावे. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. उत्पन्नाचा दाखला व रेशनकार्ड घेऊन जा. ही मेहेरबानी नाही, आपला हक्क आहे. तो मागताना मान खाली घालू नका.

एका खोलीच्या घरात मशीनचा आवाज, मुलांना वाटणारी मास्कची भीती, शेजाऱ्यांचे हसणे, हे सगळे आहेच. म्हणून घरच्यांनीही हा लेख वाचावा. मुलांना दिवसा मास्क हातात घेऊन पाहू द्या. भिक्खू सोण यांना तथागतांनी वीणेच्या तारेचा दाखला दिला होता : तार फार ताणली तर सूर बिघडतो, फार सैल सोडली तरी वाजत नाही. दाबाचेही तसेच आहे. फार कमी ठेवला तर घसा मिटतो, एकदम जास्त दिला तर माणूस मशीन सोडतो. आपल्या माणसाला सोसेल आणि पुरेल असा मध्यम सूर सापडेपर्यंत विचारत राहा.

तुमच्या घरात मशीन माळ्यावर पडली असेल, तर या रविवारी ती खाली काढा, फिल्टर बदला, रॅम्पचा आकडा पाहून वहीत लिहा आणि ती वही घेऊन डॉक्टरांना भेटा.

जयभीम! नमो बुद्धाय!